मागचे तीन फूट: ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना आणि भरताना वजन जाते कुठे

सोयाबीनचे ५० कट्टे, एकेक ६० किलोचा. म्हणजे ३० क्विंटल. दोन चाकांची ट्रॉली, माल भरायचा दहा फुटी हौदा, तिला हे ओझे काही नवीन नव्हते. मागे ताडपत्री, फवारणीचे पंप आणि पाण्याची कॅन ठेवायची म्हणून मी तीन फूट जागा मोकळी सोडली आणि सगळे कट्टे समोरच्या बाजूला थापून लावले. पांदणीने नाल्यापर्यंत आलो, नाला उतरलो, आणि पलीकडचा चढ घेताना स्टिअरिंग एकदम हलके झाले. इतके हलके की एका बोटाने फिरावे. उजवीकडे फिरवले तरी ट्रॅक्टर सरळच गेला आणि शेजाऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढून थांबला. समोरची चाके जमिनीला टेकलेली होती, पण नावापुरती.

धुऱ्यावर गवत कापत असलेल्या काकांनी आधी मला लागले नाही ना ते पाहिले, मग ट्रॉलीकडे पाहिले. म्हणाले, "बंडी असती त अशी भरली असती काय रे?"

नसती भरली. बंडी, म्हणजे बैलगाडी, भरणाऱ्याला हे कोणी शिकवत नाही. मागे जास्त झाले की बंडी उलाळते, जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्याला फास बसतो. समोर जास्त झाले की खांदे सोलून निघतात. म्हणून जुवावर थोडे वजन यावे, जास्त येऊ नये, असे आपले आजोबा डोळ्याने भरत आणि मग जू हाताने उचलून बघत. बैल तक्रार करतो म्हणून हे जमत होते. ट्रॅक्टर तक्रार करत नाही. तो ३० क्विंटल मुकाट्याने ओढतो आणि नेमका नाल्याच्या चढावर दगा देतो.

त्यानंतर मी ट्रॅक्टर, ट्रॉली आणि टेप घेऊन बसलो, आणि पुढे कापसाच्या हंगामात जिनच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, गाड्या तोलायच्या काट्यावर सगळे आकडे काढले. तीच रीत इथे सांगतो. ती दोन चाकांच्या ट्रॉलीची आहे, कारण आपल्याकडे वजनाचा खेळ तिच्यातच असतो. चार चाकांच्या, समोर फिरती चाके असलेल्या ट्रॉलीचा दांडा बिजागरीवर हलतो. तिचे ओझे तिचीच चाके पेलतात, ट्रॅक्टरच्या हुकावर जवळपास काहीच येत नाही. तिचे दुखणे वेगळे. ओल्या चिखलात ट्रॅक्टरची मागची चाके हलकी राहून जागेवर फिरतात, आणि उतारावर ती मागून ढकलते. त्यातल्या ढकलण्याबद्दल पुढे येईलच.

मोटारवाल्यांची युक्ती, आणि आपण तिच्यातले काय घ्यायचे

मोटारीमागे घोडा नेण्याची किंवा राहण्याची मोठी ट्रेलर ओढणारे लोक वजन वाटणारी हिच, म्हणजे जोडणी, वापरतात. ट्रेलरचा दांडा मोटारीच्या मागच्या टोकाला खाली दाबतो, त्यामुळे मागची चाके बसतात आणि समोरची हलकी होतात. या हिचमध्ये दोन पोलादी स्प्रिंगपट्ट्या असतात. हिचच्या डोक्यात त्यांचे एक टोक अडकवायचे आणि दुसरे टोक साखळीने किंवा ब्रॅकेटने ट्रेलरच्या दांड्यावर वर ओढून ताणायचे. विटा वाहायच्या हातगाडीचे दांडे उचलले की ओझे पुढच्या चाकावर जाते ना, तसेच. ताण बसला की काही वजन मोटारीच्या समोरच्या चाकांवर परत जाते आणि काही ट्रेलरच्या ॲक्सलवर.

ती बसवताना समोरच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची तीनदा मोजतात. एकदा ट्रेलर जोडण्याआधी, एकदा ट्रेलर नुसती टेकवल्यावर, एकदा पट्ट्या ताणल्यावर. समोरचा भाग जेवढा उचलला गेला असेल त्यातला निदान निम्मा तरी परत खाली यायला हवा. नेमके किती, हे मोटारीच्या आणि हिचच्या पुस्तकात दिलेले असते. कमी पडले तर साखळीची एखादी कडी आवळायची, जास्त झाले तर सोडायची. आणि एवढे करूनही हुकाची वजनमर्यादा वाढत नाही, हे तिथेही लोक विसरतात.

हा सांगाडा ट्रॅक्टरला लावायच्या भानगडीत पडू नका. नाल्यात उतरताना ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यात एवढा कोन पडतो की ताणलेल्या पट्ट्या वाकतील नाहीतर दांडा मोडेल. शिवाय बहुतेक ट्रॅक्टरच्या समोरच्या ॲक्सलला स्प्रिंगच नसते, त्यामुळे उंची मोजूनही काही कळत नाही. मला त्यातली एकच गोष्ट घ्यावीशी वाटली, ती म्हणजे तीन वेळा मोजणे. उंचीऐवजी आपण वजन मोजायचे. त्यासाठी काटा लागतो, आणि कापसाच्या मुलखात काट्याला तोटा नाही. वणी असो, हिंगणघाट असो की आकोट, प्रत्येक जिनच्या दारात एक आहे.

जोडण्याआधी: हुक कुठे आहे?

सगळ्यात आधी टेप घेऊन हुकाची जमिनीपासूनची उंची मोजा. माझी ५५ सेंटिमीटर भरली. ट्रॉली कंपनीने दिलेल्या हुकालाच लावायची. ब्रॅकेटला वरखाली दोन-तीन भोके असतील तर जेवढे खालचे भोक वापरून हौदा सपाट राहतो, ते घ्या. टॉप लिंकच्या जागी, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या वर, कधीही काहीही ओढायला बांधू नका. रुतलेली ट्रॉली काढताना माणसे हमखास तिथेच दोर बांधतात, कारण ती जागा हाताशी येते. ट्रॅक्टर मागच्या मागे उलटण्याची ती सगळ्यात सोपी रीत आहे. समोरची चाके उचलायला लागल्यापासून ट्रॅक्टर पाठीवर पडेपर्यंत क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही.

दोन्ही लोअर लिंकमध्ये, म्हणजे अवजार उचलणाऱ्या खालच्या दोन दांड्यांमध्ये, आडवी पट्टी टाकून तिला ट्रॉली लावणारेही आहेत. कोणी हायड्रोलिकचा दांडा वर केला की हुकाची उंची बदलली. रस्त्याच्या ओझ्यासाठी मला ते पटत नाही.

हौदा सपाट आहे की नाही हे रिकाम्या ट्रॉलीवर बघून उपयोग नाही. भरल्यावर ट्रॅक्टरचे मागचे टायर बसतात. भरून झाले की पाण्याची अर्धी बाटली घट्ट झाकण लावून चेसिसच्या लांब पट्टीवर आडवी ठेवा आणि पाणी कोणीकडे सरकते ते पाहा. समोर किंचित उतार चालेल. समोरची बाजू वर आणि मागची खाली असेल, तर हुकाची जागा चुकली आहे किंवा माल मागे गेला आहे. अशा ट्रॉलीतला सुटा माल दर धक्क्याला आणखी मागे सरकतो.

जोडताना

जागा सपाट घ्या. ट्रॉलीच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. दांडा स्टँडवर किंवा जॅकवर असू द्या. विटांच्या थरावर ठेवलेला दांडा मी एकदा घसरताना पाहिला आहे, माणसाचा पाय थोडक्यात वाचला.

ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॉली आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये कोणी उभे राहायचे नाही. आपल्याकडे पोरगा दांडा धरून उभा राहतो आणि "या, या, या" म्हणत असतो. त्याला बाजूला, चालवणाऱ्याला आरशात दिसेल असे उभे करा. भोकाला भोक जुळत आले की ट्रॅक्टर थांबवा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, आणि मगच मधे जा. दोन बोटे जुळायची राहिली असतील तर दांडा जॅकने वरखाली करा. पायाने ढोसू नका.

पिन वरून खाली टाकायची. दांड्याच्या कड्यात ती खुळखुळायला नको. फार ढिली असेल तर दर ब्रेकला ठोका बसतो आणि कडे अंडाकृती होत जाते. पिन काढून तिचे मधले अंग बोटाने चाचपून बघा. घासून खाच पडली असेल तर ती पिन बाद. वेल्डिंग करून पुन्हा वापरू नका, वेल्डिंगची पिन जोडाजवळच तुटते. खालच्या भोकात चापाची क्लिप हवी. खिळा, तारेचा वेटोळा किंवा तुटलेली सळई म्हणजे क्लिप नव्हे. ती क्लिप पाववड्याच्या किमतीत मिळते, आणि तरी दहा ट्रॉल्यांपैकी किती ट्रॉल्यांना ती असते ते एकदा बाजार समितीच्या आवारात फिरून बघा.

पिन निसटली तरी दांडा जमिनीत रुतू नये म्हणून दोन साखळ्या लावा. दांड्याखालून त्यांची फुली करायची, म्हणजे दांडा पडलाच तर झोळीत पडल्यासारखा त्यांच्यावर पडेल. वळताना ताण येणार नाही आणि जमिनीवर घासणार नाही एवढीच ढील ठेवा.

मग मागच्या दिव्यांची वायर, हायड्रोलिकचा पाइप, ट्रॉलीला ब्रेक असतील तर त्यांची नळी. स्टँड वर उचलून अडकवला का, तेवढे बघून दगड काढा.

भरताना: मागचे तीन फूट

आता मुद्द्याचे. माझ्या ट्रॉलीचा हौदा ३०० सेंटिमीटर लांब आहे. ॲक्सल हौद्याच्या समोरच्या फळीपासून १८० सेंटिमीटरवर, म्हणजे मध्यापासून ३० सेंटिमीटर मागे. दांड्याच्या कड्यापासून ॲक्सलपर्यंत ३१० सेंटिमीटर. ट्रॉली रिकामी १,२०० किलो, आणि रिकामी असताना हुकावर १०० किलो येतात.

हिशोब एकाच ओळीचा आहे. मालाचे वजन गुणिले मालाचा मध्य ॲक्सलच्या जेवढा समोर आहे ते अंतर, भागिले कड्यापासून ॲक्सलपर्यंतचे अंतर.

३,००० किलो माल हौदाभर सारखा पसरला तर त्याचा मध्य ॲक्सलच्या ३० सेंटिमीटर समोर येतो. ३,००० गुणिले ३० भागिले ३१०, म्हणजे २९० किलो. त्यात रिकाम्या ट्रॉलीचे १०० मिळवले की हुकावर ३९० किलो. भरलेल्या ट्रॉलीचे एकूण ४,२०० किलो, त्याच्या दहा टक्क्यांच्या जरा आत. ट्रेलरसाठी १० ते १५ टक्के हे चांगले प्रमाण मानतात, आणि माझा अनुभवही तोच आहे.

मी त्या दिवशी मागचे तीन फूट मोकळे सोडून कट्टे समोरच्या फळीकडे थापले होते. मालाचा मध्य सरकून ॲक्सलच्या सुमारे ८३ सेंटिमीटर समोर गेला. हुकावर आले ९०० किलो, म्हणजे २१ टक्के. कट्टे तेवढेच, ट्रॉली तीच, आणि हुकावरचे ओझे दुपटीहून जास्त.

उलटी चूक याहून वाईट. तोच माल मध्यापासून ६० सेंटिमीटर मागे सरकवला, म्हणजे ॲक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे नेला, तर हुकावर वजन येण्याऐवजी ट्रॉली हुकाला १९० किलोने वर ओढते. ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात, ब्रेक धरत नाहीत, आणि डांबरी रस्त्यावर वेग घेतला की ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवीकडे झुलायला लागते. झुलायला लागलीच तर अचानक ब्रेक मारू नका आणि स्टिअरिंगने तिच्याशी झोंबू नका. चाक सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या.

कट्ट्यांचे सोपे आहे, ते मोजता येतात. ॲक्सल कुठे येते तिथे हौद्याच्या बाहेरून ऑइल पेंटने रेघ मारून ठेवा. पहिला थर सगळा हौदाभर, मग रेघेच्या समोर तीन कट्टे पडले की मागे दोन, असे करत वर जा. संत्र्याचे कॅरेटही असेच. आणि डावे-उजवे सारखे. पांदणीच्या एका चाकोरीत चाक खोल जाते, तेव्हा एका बाजूला जड भरलेली ट्रॉली तिथेच कलंडते.

कापसाचे मात्र फसवे असते. कापूस हलका म्हणून आपण तो फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या कडेच्या फळीच्या, वर, जाळी लावून, दोन पुरुष उंच भरतो. वजन २५ क्विंटलच, पण त्याचा मध्य डोक्याच्या वर. शिवाय कापूस तुडवावा लागतो. शिडी मागच्या फाळक्याला लावलेली असते, पोरे तिथूनच चढतात आणि चढल्या जागीच नाचतात. त्यामुळे मागचा कापूस घट्ट, समोरचा फुसका. वरून ट्रॉली सारखी भरलेली दिसते आणि हुकावर वजनच नसते. म्हणून तुडवणाऱ्याला आधी समोरच्या फळीपर्यंत पाठवा आणि तुडवत तुडवत मागे येऊ द्या. उंची मात्र मी आता जाळीच्या खालीच ठेवतो, दोन खेपा झाल्या तरी. वणीच्या रस्त्यावर वळणावर झोपलेली कापसाची ट्रॉली पाहिली, की जादा खेपेचे डिझेल महाग वाटत नाही.

तुरीचे कुटार, सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, यांनाही हेच. वारा सुटला की उंच कुटाराची ट्रॉली शीड होते.

समोरची चाके किती हलकी होतात

माझा ट्रॅक्टर १,९८० किलोचा. समोरच्या चाकांवर ७६०, मागच्या चाकांवर १,२२०. दोन्ही ॲक्सलमध्ये १९५ सेंटिमीटर, आणि हुक मागच्या ॲक्सलच्या ६० सेंटिमीटर मागे. हुकावर वजन पडले की मागचे ॲक्सल टेकू होते आणि समोरचे टोक उचलले जाते, पोरांच्या सी-सॉसारखे.

हुकावर ३९० किलो असताना समोरून १२० किलो कमी होतात, उरतात ६४०. हुकावर ९०० असताना २७७ कमी होतात, उरतात ४८३. सपाट रस्त्यावर दोन्ही चालते, आणि इथेच माणूस फसतो. गावातून निघताना काहीच जाणवत नाही.

आता नाल्याचा चढ घ्या, पाच फुटाला एक फूट चढणारा. मऊ मातीत ४,२०० किलोची ट्रॉली त्यावर ओढायला हुकावर सुमारे १,०५० किलोचा ओढा लागतो. हा ओढा ५५ सेंटिमीटर उंचीवर आहे, त्यामुळे तो समोरचे आणखी २९६ किलो उचलतो. ट्रॅक्टर स्वतःच चढावर मागे रेलतो, त्याचे साधारण १५० किलो वेगळे. नीट भरलेल्या ट्रॉलीत समोर उरतात १९० किलो. माझ्या त्या दिवशीच्या ट्रॉलीत उरले होते ३५ किलो. दोन चाकांवर मिळून, एका पोराच्या वजनाइतके. स्टिअरिंग एका बोटाने का फिरत होते ते हे.

आणि हुक ५५ ऐवजी ९० सेंटिमीटरवर असता तर? नीट भरलेल्या ट्रॉलीतही समोर पाच-एक किलो उरले असते. म्हणून आधी हुकाच्या उंचीवर एवढा वेळ घालवला.

स्टिअरिंग धरून राहायला समोर ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के राहावेत असे सांगतात. माझ्यासाठी ते ३९६ किलो. नाल्याच्या चढावर नीट भरूनही मी त्याच्या निम्म्यावरच होतो. यावर दोनच उपाय आहेत. एक, समोरच्या बंपरवर वजनाच्या प्लेटा. समोरच्या ॲक्सलच्या ६० सेंटिमीटर पुढे १०० किलो टांगले तर समोर १३१ किलो वाढतात, कारण तीच सी-सॉ आता आपल्या बाजूने काम करते. दुसरा उपाय, असा चढ असेल तर माल दोन खेपांत काढणे. मी दोन्ही करतो. मागच्या टायरमध्ये पाणी भरून हा प्रश्न सुटत नाही. ते नांगरणीला उपयोगी, समोरच्या चाकांना त्याचा काडीचाही फायदा नाही.

बंपरला कट्टे बांधणारे, दगडाची जाळी बांधणारे पाहिले आहेत. पाच-सहा किलोमीटरनंतर दोर सैल होतो आणि कट्टा चाकाखाली येतो. प्लेटाच घ्या, आणि कंपनीच्या पुस्तकात दिल्याहून जास्त लावू नका, समोरचे ॲक्सलही शेवटी लोखंडच आहे.

काट्यावर

जिनवर कापूस मोजताना काटा आपल्याच ट्रॉलीचे वजन करतो. काटेवाल्याला आधी सांगून, मागे रांग नसेल तेव्हा पाच मिनिटे मागून घ्या. सकाळी पहिल्या ट्रॉल्या यायच्या आधी माझे काम होते.

आधी एकदा नुसता ट्रॅक्टर, ट्रॉलीशिवाय. पूर्ण काट्यावर घ्या, आकडा लिहा. मग फक्त समोरची चाके काट्यावर आणि मागची बाहेर, आकडा लिहा. हे एकदाच करायचे, ट्रॅक्टर बदलेपर्यंत तेच आकडे चालतात. डिझेलची टाकी भरलेली असू द्या आणि चालवणारा सीटवर बसलेला असू द्या.

मग भरलेली ट्रॉली जोडून या. फक्त समोरची चाके काट्यावर घ्या, हा तिसरा आकडा. थोडे पुढे जाऊन पूर्ण ट्रॅक्टर काट्यावर आणि ट्रॉलीची चाके बाहेर, हा चौथा. चौथ्यातून पहिला वजा केला की हुकावरचे वजन मिळाले. दुसऱ्यातून तिसरा वजा केला की समोरची चाके किती हलकी झाली ते मिळाले. काट्याची पाटी आणि आजूबाजूची जमीन एका पातळीत असायला हवी, नाहीतर आकडे खोटे येतात. आकडा घेताना ब्रेक सोडा, न्यूट्रल करा, म्हणजे ट्रॉलीचा ढकला त्यात मिसळत नाही. आणि पाच-दहा किलोचा फरक धरूच नका, मोठ्या काट्याची पायरीच तेवढी असते.

हे चार आकडे मी ट्रॅक्टरच्या टूलबॉक्सच्या झाकणावर आतून खडूने लिहिले होते. ते पुसायला लागले तेव्हा पेंटने लिहिले. आता ट्रॉली भरताना घरातले कोणीही ते बघते.

पूर्ण ट्रॉलीचेही एक वजन घ्या. नोंदणीच्या कागदावरच्या मर्यादेपेक्षा जास्त भरले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार. चार क्विंटलच्या लोभात अख्ख्या खेपेचे पैसे जातात.

निघताना आणि उतारावर

ट्रॅक्टरला दोन ब्रेक पॅडल असतात, डावे आणि उजवे वेगळे. शेतात वळताना ते वेगळे हवेत. रस्त्यावर निघण्याआधी दोन्हींमधली कडी लावून त्यांना एक करा. ही कडी न लावता भरलेली ट्रॉली घेऊन घाट उतरणे म्हणजे एकाच बाजूचे चाक धरून ट्रॉलीला आडवे बोलावणे. मेळघाटात उतरणाऱ्यांना हे माहीत असते, सपाटीवरचे विसरतात.

आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. चार टन मागून ढकलत असतात आणि ते थांबवायचे काम दोन टनांच्या ट्रॅक्टरचे. उताराच्या आधी, वरच, खालचा गिअर टाका. जो गिअर चढायला लागला असता तोच उतरायला. मधे क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर नाहीच. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे सगळ्या गावांत असतात.

चढावर क्लच झटक्यात सोडू नका. वरचे सगळे आकडे सावकाश ओढण्याचे आहेत, झटका त्यात धरलेला नाही. रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर, पाणी असेल तर थांबा, ओली चाके आणि शेवाळलेला सिमेंट यांच्यापुढे वजनाचा कोणताच हिशोब चालत नाही.

निघून दोन-एक किलोमीटर गेल्यावर एकदा उतरा. पिनची क्लिप, साखळ्या, टायर, दोर, बाटलीतले पाणी. माल बसतो, दोर सैल होतो, ते तेवढ्यातच कळते. मागच्या फाळक्याला लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा. खरेदी केंद्रावरून परततो तेव्हा बहुतेक अंधार झालेला असतो, आणि धूळ बसलेली पट्टी असून नसून सारखी. ती फडक्याने पुसा.

वेचणीच्या बायांना माल भरलेल्या ट्रॉलीवर किंवा दांड्यावर बसवून आणू नका. मला माहीत आहे, चार किलोमीटर आहे आणि त्या दिवसभर वाकून दमलेल्या असतात. त्यांच्यासाठी वेगळी खेप करा किंवा ऑटो बोलवा.

सोडताना

जिनच्या आवारात कापूस काढताना हमाल समोरून सुरुवात करतात, कारण ढीग समोर असतो. अर्धा कापूस निघाला की उरलेला बहुतेक ॲक्सलच्या मागे. अशा वेळी ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच असू द्या. हमालाला सांगा, "भाऊ, मागून काढा आधी." नाही ऐकले तर निदान पिन काढू नका.

रिकामी झाल्यावर सपाट जागी चाकांना दगड लावा, स्टँड खाली घ्या, त्याच्यावर दांड्याचे वजन येऊ द्या, आणि मग पिन हाताने ओढा. सहज वर आली तर ठीक. अडकली, तर खालून दांडा दाबत आहे की वर ओढत आहे ते आधी बघा. वर ओढत असेल तर हौद्यात मागे कुठेतरी वजन उरले आहे. हातोडा बाजूला ठेवून आधी ट्रॉलीत चढून बघा. मला एकदा मागच्या कोपऱ्यात ओल्या कापसाचे दोन गठ्ठे आणि हमालाने विसरलेली वाळूची पोती सापडली होती.